‘अंगावर काही दिसत नाही, पण चुरचुरतंय’ : नाजूक त्वचा आणि जुने आजार यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात गल्लीच्या तोंडाशी माझं मेडिकल दुकान आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं मोठ्या दवाखान्यात दाखवून परतताना चिठ्ठी घेऊन येतात आणि डॉक्टरांना विचारायचं राहून गेलेलं मला विचारतात. मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण त्याच त्या प्रश्नांची उत्तरं वर्षानुवर्षं काउंटरवर देऊन झाली, आता एकदा लिहून ठेवतो.

‘सेन्सिटिव्ह स्किन’ हा आजार आहे की लाड?

लाड नाहीत. 2017 साली खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने याची व्याख्या केली. इतरांना काहीही होत नाही अशा साध्या गोष्टीने, म्हणजे साबण, वारा, ऊन, घाम, लोकरीचा स्वेटर अशा कशानेही, एखाद्याच्या कातडीला चुरचुर, आग, टोचणी, खाज किंवा मुंग्या जाणवतात, ती नाजूक त्वचा. लाली येईलच असं नाही. कातडी वरून अगदी स्वच्छ दिसू शकते. म्हणूनच घरातले म्हणतात, ‘काही नाही झालेलं, उगीच खाजवतेय.’

आत दोन गोष्टी बिघडलेल्या असतात, कधी एक, कधी दोन्ही. कातडीचा वरचा थर म्हणजे विटा आणि मधला गिलावा. गिलावा निघाला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं खार-साबण आत शिरतं. दुसरं म्हणजे मज्जातंतूंची टोकं जास्त जागी असतात. संकेश्वरी मिरची कांडताना हाताची आग होते ना, ती मिरची ओळखणारं जे बारीक दार (रिसेप्टर) या टोकांवर असतं, तेच उष्णताही ओळखतं. ते जरा कशानेही उघडायला लागलं की कोमट पाणीही मिरचीसारखं लागतं.

मग शुगर, थायरॉईड, दमा यांच्याशी तिचा काय संबंध?

संबंध तीन वाटांनी येतो. जुना आजार कातडी कोरडी करतो किंवा मज्जातंतू दुखावतो, ही सरळ वाट. दुसऱ्या वाटेत आजार आणि कातडी दोघांचं मूळ एकच असतं, जसं दमा आणि इसब. तिसरी वाट आजारावरच्या गोळ्यांची, आणि ती लोकांच्या लक्षातच येत नाही.

चौथी शक्यताही आहे, ती म्हणजे काही संबंध नसण्याची. वयाच्या पन्नाशीत शुगरही असते आणि डिसेंबरचा कोरडा वाराही असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, थंडीत कातडी तडकतेच. प्रत्येक खाजेमागे आत काहीतरी दडलंय असं समजून तपासण्यांवर पैसे घालवणारेही मी पाहिलेत.

शुगर आहे. पाय जळतात, चादर टेकली तरी सहन होत नाही. हे त्वचेचं दुखणं आहे का?

बहुतेक वेळा नाही, हे नसांचं असतं. जास्त काळ वाढलेली साखर सगळ्यात लांबच्या, म्हणजे पावलांच्या, बारीक मज्जातंतूंना आधी पकडते. सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, रात्री वाढते, आणि मग मोज्यासारखी वर चढत जाते. शुगरवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी हा नसांचा त्रास होतो. त्यावर कितीही भारी क्रीम चोळा, आग थांबत नाही, कारण बिघाड कातडीत नाहीच.

एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारतो : मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे? वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकतं, आणि बी-12 कमी झालं तरी पायाला अशाच मुंग्या येतात आणि आग होते. आपल्या भागात जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ, मांस-मच्छी-अंडी नाहीच. अशा माणसाने डॉक्टरांना बी-12 तपासू का, असं विचारलेलं बरं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

उलटं झालं तर जास्त वाईट. पाय आधी जळतो, नंतर बधिर होतो, आणि लोक खूश होतात की आग थांबली. निपाणीकडचे एक काका सौंदत्तीच्या डोंगरावर अनवाणी जायचा नवस फेडून आले. चार दिवसांनी मुलाने त्यांच्या टाचेतला काचेचा तुकडा दाखवला, तोवर त्यांना पत्ताच नव्हता. शुगर असेल तर रोज रात्री दिव्याखाली तळपाय बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर आरसा खाली धरायचा. गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही. आणि देवाला चपलेचं वावडं असलं तरी डॉक्टरला नाही.

शुगरमुळे ‘त्या जागी’ खाज येते का? सांगायला लाज वाटते.

येते. लघवीतून साखर गेली की बुरशीला खाऊ मिळतो. बाया आणि पुरुष दोघांनाही होते आणि कधी कधी शुगर असल्याची पहिली खूण हीच असते. हल्ली बऱ्याच चिठ्ठ्यांवर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या असतात. त्या मुद्दामच लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, म्हणून त्यांच्यावर ही बुरशी जास्त दिसते. गोळी हृदयाला आणि किडनीला उपयोगी आहे, तेव्हा फेकू नका. गोळी सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला, एवढं डॉक्टरांना तोंडाने सांगा. चार लोकांत बोलायला नको वाटलं तर चिठ्ठीवर लिहून द्या. माझ्याकडे बायका लिहूनच देतात.

मान काळी पडून मखमलीसारखी जाड झाली असेल तर ती घाण नाही, घासून जाणार नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. लहान मुलांच्या मानेलाही हल्ली दिसते, तेव्हा दगडाने घासू नका, शुगर तपासा.

थायरॉईड आणि अंगावर उठणारं ‘पित्त’ यांचं काय?

थायरॉईड कमी झालं की घाम आणि तेल दोन्ही कमी होतात. कातडी कोरडी, थंड, खरखरीत होते आणि मग साबणही चरचरतो. जास्त झालं तर उलट, अंग गरम, ओलं आणि खाजरं. औषध नीट बसलं की कातडीही हळूहळू ताळ्यावर येते, पण लगेच नाही.

अंगावर पित्त उठणं, काही घरांत ज्याला गांधी म्हणतात, ती लाल चट्ट्यांची खाज आहे. चट्टा काही तासांनी जातो आणि दुसरीकडे उठतो. त्याचा पोटातल्या पित्ताशी संबंध लावून लोक आमसुलाचं पाणी चोळत बसतात. थंड वाटतं, तेवढाच उपयोग. सहा आठवड्यांच्या वर जवळपास रोज उठत असेल तर तो जुना प्रकार झाला. त्यात काहींना थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडतात, म्हणून डॉक्टर ती तपासणी लिहितात. उपचार म्हणून अॅलर्जीची, झोप न आणणारी गोळी रोज, नियमाने घ्यावी लागते. चट्टे उठले की एक आणि नाही उठले तर बंद, असं करून कोणी बरं झालेलं मी पाहिलं नाही.

घरात दमा आणि सकाळच्या शिंका आहेत. मुलाची कातडी नाजूक आहे. हे एकच आहे का?

एकाच झाडाच्या फांद्या. काही घराण्यांत कातडीचा थर बांधणारं फिलाग्रिन नावाचं प्रथिन कमी बनतं. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध 2006 साली कळला. थर विरळ असला की धूळ, माती, परागकण आत जातात आणि शरीर त्यांच्यावर उखडायला शिकतं. म्हणून पहिल्या वर्षी गालांवर इसब, पुढे दमा आणि शिंका असा क्रम दिसतो. सगळ्यांनाच तो क्रम होत नाही. बऱ्याच मुलांचं शाळेच्या वयापर्यंत कमीही होतं.

खानापूर-जांबोटीकडचा पावसाळा अशा मुलांना वाईट. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, चुलीवर वाळवलेल्या कपड्यांना धूर बसतो. तिकडच्या आयांना मी सांगतो, कपडे दोनदा खळबळून धुवा, पावडर अर्धी करा, आणि मुलाच्या अंगाला ओलेपणीच तेल लावा.

पोट बिघडतं, अर्धशिशी आहे, काळजीचा स्वभाव आहे. त्याचा कातडीशी संबंध म्हणजे जरा अतीच वाटतं.

मलाही वाटायचं. पण अर्धशिशीच्या झटक्यात केस विंचरले तरी दुखतात, चष्म्याची काडी सहन होत नाही, हे अनुभवलेल्या माणसाला विचारा. मेंदू त्या वेळी साध्या स्पर्शालाही दुखणं समजतो. आतड्याची चिडचिड, म्हणजे कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल, अशा लोकांतही नाजूक कातडीची तक्रार जास्त आढळते. कोण कोणामुळे, हे सिद्ध झालेलं नाही. दोन्हीकडे नसांचा आवाज मोठा झालेला असतो एवढं खरं.

झोपेचं मात्र मी डोळ्यांनी बघतो. परीक्षेच्या दिवसांत पोरींचे चेहरे चुरचुरतात, घरात जमिनीची वाटणी सुरू झाली की काकांची खाज वाढते. ताणात शरीर जी रसायनं सोडतं ती कातडीचा थर भरून यायला उशीर करतात. ‘सगळं मनाचं आहे’ असं म्हणणारा पण चूक आणि ‘मनाचा काही संबंध नाही’ म्हणणारा पण चूक.

पुरळ काहीच नाही, फक्त खाज. घाबरायचं का?

आधी खरूज नाही ना ते बघा. रात्री खाज, बोटांच्या बेचक्यात आणि कमरेला, आणि घरातल्या आणखी कोणाला तरी, हे तिन्ही जमलं तर शुगर-थायरॉईड राहू द्या, घरच्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावा.

ती नसेल आणि कोरडेपणावर इलाज करूनही काही आठवडे खाज जात नसेल, तर आत बघायला हवं. शरीरातलं लोह कमी असलं तरी पुरळाशिवाय खाज येते, आणि आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं काही नवं नाही. किडनी थकली की येते, डायलिसिसवरचे लोक तर रात्र रात्र जागतात. यकृतात पित्त अडलं की तळहात-तळपायांना, रात्री जास्त येते. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजायला लागले तर ‘पोटावरची कातडी ताणलीय’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. बाळाला धोका असू शकतो. रात्री घामाने अंथरूण भिजणं, वजन उतरणं, मानेत किंवा काखेत गाठी अशी जोड असेल तरीही थांबू नका.

आणि खाज नाही, आग नाही, उलट एखाद्या फिक्या किंवा लालसर चट्ट्यावर काही कळतच नसेल, तर तो नाजूकपणा नव्हे. कुष्ठरोग तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि पूर्ण बरं होतं.

बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्यांनी कातडी बिघडते का?

काहींनी. बीपीच्या बऱ्याच जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, त्यावर काहींना ऊन सोसत नाही. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकवरही तसंच. ग्लिप्टिन गटातल्या शुगरच्या गोळ्यांवर म्हाताऱ्या माणसांना क्वचित आधी खाज आणि मग मोठे टणक फोड येतात, ते लगेच दाखवायचे. बीपीच्या ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्यांवर ओठ किंवा जीभ सुजली तर सरळ दवाखाना.

ओळखायची युक्ती साधी : त्रास सुरू होण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत कोणतं नवं पाकीट घरात आलं? त्यात आयुर्वेदिक चूर्ण आणि जत्रेतली बाटलीही धरा.

मेडिकलमधून घेतलेली ट्यूब लावली की छान वाटतं, सोडली की चेहरा पेटतो. असं का?

कारण ती स्टिरॉईडची आहे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव बघा. कामाची औषधं आहेत, योग्य जागी, योग्य दिवस. पण चेहऱ्याला महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, शिरा दिसतात, आणि ऊन, पाणी, वारा काहीच सोसत नाही. ज्याला लोक ‘माझी स्किन जन्मापासून सेन्सिटिव्ह’ म्हणतात, त्यातले कित्येक चेहरे असे ट्यूबने बनवलेले आहेत. गजकर्णावर लावली तर खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी निवांत पसरते. अंगभर, पुष्कळ दिवस लावली तर रक्तातली साखरही वाढू शकते.

सांगायला संकोच वाटतो, पण दुकान नवं असताना मीही विकल्या. ‘अण्णा, ती लग्नाला लावायची ट्यूब द्या’ म्हणून मुली यायच्या, मी द्यायचो. 2018 मध्ये सरकारने अशा मलमांना चिठ्ठीशिवाय विकायच्या यादीतून काढलं. नियमानंतरही त्या मिळतातच, हे तुम्हालाही ठाऊक आहे. अनेक महिने लावत असाल तर एकदम तोडू नका, पेटेल. त्वचेच्या डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या.

काजूच्या कारखान्यात, शेतात हात असतात. त्याचं काय?

हा आमच्या भागाचा खास प्रश्न, आणि बाहेरचा डॉक्टर तो विचारत नाही. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. काजू, बिबा आणि आंबा एकाच कुळातले. ज्याला कधी बिबा उतलाय त्याला काजूच्या टरफलाने किंवा कैरीच्या चिकानेही उठू शकतं. खानापूर-चंदगडकडे काजू फोडणाऱ्या बाया हाताला तेल आणि राख लावतात, हातमोजे त्याहून बरे.

गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची भारतातली नोंद 1950च्या दशकात पुण्याकडे झाली आणि आता बांधाबांधावर आहे. त्याची भुकटी वाऱ्याने येते. पापण्या, मान, कोपराची घडी, हनुवटीखालचा भाग खाजतो. उन्हाच्या अॅलर्जीत हनुवटीखालची सावलीतली जागा वाचते, गवताच्या अॅलर्जीत वाचत नाही, हा फरक लक्षात ठेवा. शेवंती त्याच कुळातली, म्हणून दसऱ्याला वेणी माळली की मान उठते अशी एक अक्का दर वर्षी येते.

रायबाग-अथणीकडचे ऊसतोडे पाचटाच्या कुसळांनी ओरबाडून येतात. अशा कातडीवर शुगर असेल तर जखम चिघळते, म्हणून पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालणं कोणत्याही क्रीमपेक्षा स्वस्त.

वांगं, अंडी, दूध, आंबट सगळं बंद करू का?

नको. खाल्ल्यावर थोड्या वेळात ओठ सुजणं, अंगावर उठणं असं दरवेळी होत असेल तरच तो पदार्थ संशयित. आधीच लोह कमी असलेल्या बाईचं अर्धं ताट काढून घेऊन खाज जात नाही, रक्त मात्र आणखी उतरतं. कुंदा शुगरसाठी बंद करा, खाजेसाठी नव्हे.

अंघोळ कशी करायची?

कातडीचा सामू (पीएच, आम्ल-अल्कलीचं माप) साधारण पाच, साबणाचा नऊ-दहा. त्यात बंबातलं कढत पाणी आणि घासणी. खाज असलेल्या माणसाला कढत पाण्याने पाच मिनिटं स्वर्ग वाटतो आणि रात्रभर नरक. पाणी कोमट, वेळ पाच-दहा मिनिटं, साबण फक्त काखा-जांघा-पायांना. टॉवेलने टिपा, आणि अंग दमट असतानाच पेट्रोलियम जेली, साधं वासाविना क्रीम किंवा खोबरेल. चिरलेल्या कातडीवर लिंबू, खायचा सोडा, जंतुनाशक पाणी नको. नवीन काहीही आणलं तर आठवडाभर कोपराच्या घडीत लावून बघा.

कोणत्या तपासण्या करू?

स्वतःहून मोठं पॅकेज करू नका. खाज टिकून राहिली तर डॉक्टर साधारण हिमोग्राम आणि लोह, साखर, थायरॉईड, किडनी, यकृत इतकं सांगतात. सगळ्या खाद्यपदार्थांच्या अॅलर्जीचे भलेमोठे तक्ते देणाऱ्या महागड्या रक्ततपासण्यांनी वरच्यापैकी काहीच कळत नाही. एखाद्या वस्तूचा स्पर्श सोसत नसेल तर पाठीवर लावायची पॅच टेस्ट असते, ती त्वचेच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टर कन्नड बोलतात, आईला फक्त ‘खाज’ एवढंच सांगता येतं. काय करू?

हा प्रश्न छोटा वाटतो, पण निम्मी चूक इथेच होते. आपली म्हातारी माणसं आग, चुणचुण, मुंग्या, टोचणी सगळ्याला ‘खाजतंय’ म्हणतात. डॉक्टर खाजेची गोळी लिहितात. आणि दुखणं नसांचं असतं. कन्नडमध्ये खाज म्हणजे तुरिके, आग म्हणजे उरी, दुखणं म्हणजे नोवु. आईला आधी घरी निवांत विचारा : खाजवावंसं वाटतं, की हात लावू नये असं वाटतं? खाजवावंसं वाटलं तर तुरिके, हात नको वाटला तर उरी. मग कुठे, कधी वाढतं, कधीपासून, आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत.

गेल्या महिन्यात येळ्ळूरच्या एका मावशींनी नातवाकडून चिठ्ठीवर लिहून नेलं होतं : ‘उरी, दोन्ही पाय, रात्री, मेटफॉर्मिन नऊ वर्षं.’ परतताना त्या बी-12ची इंजेक्शनं घ्यायला माझ्याकडे आल्या, आणि अंगाला लावायची तिसरी ट्यूब या वेळी मागितली नाही.